उरलेल्या अन्नाचा रकाना

१८ जून

भावोजी,

फोन केला की तुम्ही 'हो वहिनी, हो वहिनी' म्हणता आणि दुसऱ्या हाताने कुणाच्या तरी फाइलवर सही करत असता. म्हणून लिहितेय. समोर कागद आला की तुम्ही तो शेवटपर्यंत वाचता, एवढं मला पक्कं ठाऊक आहे.

आज दुपारी शाळेत टेम्पो आला. त्यातून दोन निळी पिपं उतरली, एक वजनकाटा, एक फळा आणि खाली तुमची सही असलेलं चार पानी परिपत्रक. सही मी लांबूनच ओळखली. आमच्याकडे राहून शिकत होतात तेव्हा ती गिरवायला माझ्याच वह्यांची मागची पानं वापरायचात. तुमच्या दादांना दाखवली, तर म्हणाले, "शेपूट अजून तसंच काढतो."

परिपत्रक दोनदा वाचलं. सगळ्या सरकारी शाळांनी दुपारच्या जेवणातलं उरलेलं अन्न रोज तोलायचं, पिपात टाकायचं, वर वाळका पाला पसरायचा आणि दोन महिन्यांत त्याचं खत करायचं. रोज किमान पाच किलो. आकडा रस्त्यावरून दिसेल अशा फळ्यावर लिहायचा आणि दर आठवड्याला तुमच्या कार्यालयाला कळवायचा. कल्पना चांगली आहे, खोटं कशाला बोलू? अडचण एवढीच, की आमच्याकडे काही उरत नाही.

दोनशे चाळीस मुलं. वाढून झालं की स्वयंपाकाच्या मावशी पातेलं कलतं करून डावाने खरवडतात, आणि तो आवाज आला की तिसरीतल्या पोरी रांग मोडून पुढे धावतात. बटाट्याची सालंसुद्धा निघत नाहीत, कारण मावशी बटाटे सालासकट शिजवतात. तरी परिपत्रकाचा मान राखायचा म्हणून आज प्रत्येक ताट मी स्वतः तपासलं. काट्यावर चाळीस ग्रॅम भरले. त्यात एक किडका बटाटा होता, थोडी देठं होती आणि पहिलीतल्या एका मुलाचा दुधाचा दात होता. दात मी ज्याचा त्याला परत केला.

आता पुढे काय करायचं ते सांगा.

वहिनी


२७ जून

वहिनी,

नमस्कार. तुमचं पत्र मीटिंगमध्येच उघडलं आणि दातापाशी आल्यावर मला हसू आवरेना. संचालक बघत राहिले. मी म्हटलं, शाळांचा उत्साह बघून आनंद होतोय.

थट्टा राहू द्या. ही योजना माझी आहे, वहिनी. दोन वर्षं तिच्यामागे आहे मी. दौऱ्यावर गेलो होतो तेव्हा अशा शाळा पाहिल्या. मुलं कोबीची पानं मुठीत धरून पिपापाशी उभी असतात, आपण जमिनीला काहीतरी परत देतोय हे त्यांच्या तोंडावर दिसतं. आपल्याकडे ते व्हावं असं मला मनापासून वाटतं. शिवाय डिसेंबरात उपसंचालकांची जागा रिकामी होतेय. हे तुम्हाला म्हणून सांगतो. दादांना सांगू नका, ते न्हाव्याला सांगतील.

तर तुमच्या अडचणीबद्दल. शून्य मात्र भरू नका. संगणक शून्य घेत नाही, तांबडा ठिपका दाखवतो, आणि तांबड्या ठिपक्याची शाळा थेट संचालकांच्या पडद्यावर जाते. दोनशे चाळीस मुलांत काहीच उरत नाही, हे तुम्हाला तरी पटतं का? आमच्या कँटीनमध्ये साठ माणसं जेवतात आणि रोज दोन बादल्या भरून बाहेर जातात. मला वाटतं तुमच्या मावशी ते घरी नेत असतील. दोष देत नाही, पण जरा लक्ष ठेवा.

आणि मुलांनाही सवय लावायला हवी. पहिल्यांदा कुठलीही योजना जडच जाते.

आपला,
भावोजी


११ जुलै

भावोजी,

मावशींवर लक्ष ठेवलं. त्या जाताना हातातली रिकामी पिशवी माझ्यासमोर उलटी करून झटकतात. मी काही विचारलं नव्हतं. पण तुमच्या तपासनीसाने विचारलं.

दोन आठवडे मी शून्य भरलं. तिसऱ्या आठवड्यात 'असहकार' अशी नोटीस आली आणि मागोमाग तपासनीस आला. त्याने पिपात डोकं घातलं, "यात काहीच नाही!" असं ओरडला, आणि ते त्यालाच दोनदा ऐकू आलं. मग मावशींना बोलावून घरी किती माणसं जेवतात ते विचारलं. अठरा वर्षं त्या इथे आहेत. अजून एक तांबडा ठिपका पडला तर त्यांच्या जागी दुसरं कुणी आणू, असं तो जाताना सांगून गेला.

दुसऱ्या दिवशी शिक्षकांची सभा घेतली. आमच्या चित्रकलेच्या सरांनी उपाय काढला. कोपऱ्यावरचा भाजीवाला सकाळी सडका पाला गटाराकाठी फेकतो. शिपाईमामा आता रोज टोपली घेऊन जातात आणि तो आणतात. कोबीची पानं, नासके टोमॅटो, मुळ्याचा पाला. मुलं तो रांगेने पिपात टाकतात, माती भुरभुरतात, आणि हात धुवायला तुमच्या परिपत्रकात लिहिलंय त्याच्या दुप्पट वेळ लावतात. खरं सांगायचं तर त्यांना फार मजा येते.

पण तुमच्या तक्त्यातला रकाना 'आज उरलेलं अन्न' असा आहे. त्यात पहिल्या दिवशी 'पाच किलो दोनशे' लिहिताना पेन बराच वेळ हातात नुसतं धरून बसले. एकवीस वर्षांच्या नोकरीत हजेरीत एक खोटं टिंब मारलेलं नाही मी. हे तुम्हाला कळावं म्हणून लिहिलं. पुढे काय करायचं ते तुम्ही ठरवा, तुमचा रकाना आहे.

वहिनी


२ ऑगस्ट

वहिनी,

नमस्कार आणि अभिनंदन! तुमची शाळा विभागात चौथी आहे. भिंतीवर मोठा तक्ता लावलाय, त्यात तुमचा हिरवा खांब माझ्या खुर्चीतून दिसतो. संचालक म्हणाले, "या बाईंनी महिन्याभरात चमत्कार केला." त्या माझ्या वहिनी आहेत हे मी बोललो नाही. बोलायचं फार मनात होतं.

तुमच्या मागच्या पत्रातलं दुसरं पान मी फाडून टाकलं. असे बारीकसारीक तपशील कागदावर नसलेले बरे. खत होतंय ना? मुलं शिकताहेत ना? मग कचरा कुठल्या दाराने आला, याला किती महत्त्व द्यायचं?

एक सुचवू का? शेजारच्या दोन्ही शाळा अकरावर गेल्यात. तुम्ही बारा केलेत तर पहिल्या याल. वित्त विभागानेही परवा आपले आकडे मागून घेतले. आजवर त्यांनी आमच्याकडे कधी ढुंकून पाहिलं नव्हतं. बघा, योजना कुठवर पोचली!

दादांना नमस्कार.

आपला,
भावोजी


३० ऑगस्ट

भावोजी,

बारा झाले. पण कसे, ते ऐका.

शेजारच्या शाळेचा शिपाई आमच्याआधी अर्धा तास भाजीवाल्याकडे पोचायला लागला. मग आमचे मामा एक तास आधी जायला लागले. एक दिवस दोघांची टोपलीवरून बाचाबाची झाली. भाजीवाला मधे पडला आणि म्हणाला, "भांडू नका, मी दोघांसाठी वेगवेगळं सडवून ठेवत जाईन." आता तो ताजा पालाही आमच्यासाठी बाजूला काढून ठेवतो. वर गिऱ्हाइकांना ऐकवतो, माझा माल शिक्षण खात्यात जातो.

खत मात्र झालं. काळंभोर, मोकळं, पावसानंतरच्या रानासारखा वास. तिसरीतली एक मुलगी पिपाला कान लावून उभी होती. म्हटलं, काय ऐकतेस? म्हणाली, "बाई, आत कुणालातरी ताप आलाय." मी हात लावून बघितला, खरंच गरम होतं. मग सगळी तिसरी हात लावून गेली. विज्ञानाचा एवढा चांगला तास मी कधी घेतला नव्हता. कुंपणाजवळ भोपळ्याचे वेल लावलेत.

हे सगळं छान आहे. पण काल मावशी खोलीत आल्या, दार लोटलं आणि उभ्या उभ्याच बोलल्या. "बाई, माझ्या हाताला चव नाही का?"

"असं का म्हणता?"

"रस्त्यावर फळा लावलाय. रोज बारा किलो उरलं म्हणून लिहिता. नळावर बायका विचारतात, पोरं तुझं जेवण टाकून देतात होय? माझ्या सुनेनेसुद्धा विचारलं."

मावशींना वाचता येत नाही, भावोजी. फळ्यावर काय आहे ते त्यांना दुसऱ्यांकडून कळलं. मी खरं काय ते सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग तसंच लिहा की." याचं उत्तर तुम्हाला सुचलं तर कळवा.

वहिनी


१४ सप्टेंबर

भावोजी,

तुमच्या उत्तराची वाट बघत होते. त्याऐवजी हुकूम आला.

"शाळांमध्ये दररोज सरासरी अकरा किलो अन्न वाया जात असल्याचे योजनेच्या आकडेवारीवरून सिद्ध झाले आहे. सबब, मुलांच्या ताटात गरजेपेक्षा अधिक पडते हे उघड असून, एक ऑक्टोबरपासून अन्नपुरवठा एक पंचमांशाने कमी करण्यात येत आहे." सोबत नवा डाव पाठवलाय, लहान मापाचा. सही वित्तवाल्यांची आहे, पण 'सबब' आणि 'उघड असून' कुणाचं आहे ते मला कळतं. तुमचे निबंध तपासलेत मी.

डाव टेबलावर आहे. पेन्सिली मागायला आलेली मुलगी तो उचलून म्हणाली, "बाई, हा बाहुल्यांचा आहे का?"

आमच्या कुणाच्या ताटात काय उरत होतं ते तुम्हाला मी जूनमध्येच कळवलं होतं. हा हुकूम थांबवा.

वहिनी


२३ सप्टेंबर

वहिनी,

नमस्कार. तुमचं पत्र वाचून दोन दिवस झोप नीट लागली नाही. पण कृपा करून माझी बाजूही समजून घ्या. मी फक्त आकडे दिले. कपात करा असं कुठेही म्हटलं नाही. वित्तवाल्यांनी मसुदा मागितला, मी भाषा नीट करून दिली, एवढंच.

आता हुकूम निघालाय. निघालेला हुकूम मागे घ्यायचा म्हणजे तो चुकला असं कुणीतरी लिहून द्यावं लागतं, आणि इथे तसं कुणी लिहून देत नाही. माझं ऐका. उरलेल्या अन्नाचा आकडा दर महिन्याला थोडा थोडा उतरवत न्या. बारा, दहा, सात. पुढच्या वर्षीच्या आढाव्यात मी स्वतः पुरवठा वाढवायचा प्रस्ताव ठेवीन. डिसेंबरात ती जागा मिळाली तर माझ्या हातात बरंच काही असेल. तोवर काही लिहून पाठवू नका. त्या तक्त्यांवर सह्या तुमच्या आहेत, हे विसरू नका. धमकी देत नाही. काळजीने सांगतोय.

आणि खरं सांगा, बारा किलो उरतच होतं, तर पाचव्या हिश्शाने मुलांना एवढा काय फरक पडणार?

आपला,
भावोजी


४ ऑक्टोबर

भावोजी,

तुमच्या पत्रातलं शेवटचं वाक्य मी तुमच्या दादांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "त्याला खरंच तसं वाटायला लागलंय गं." मला वाटतं तसंच झालंय. पान फाडलंत, आणि पानावर होतं तेही तुमच्यातून गेलं.

एक तारखेला नव्या डावाने वाढलं. मावशींनी नेहमीसारखं एकेक डाव वाढत नेलं, पण पुढच्या ताटाकडे वळताना त्यांचा हात थबकायचा. नेहमीच्या अर्ध्या वेळात जेवणं संपली. मुलं उठली नाहीत. आरडाओरडा नाही, रडारड नाही, नुसती रिकाम्या ताटांपुढे बसून राहिली, जेवणाचा दुसरा भाग यायचा बाकी असल्यासारखी. मग चौथीच्या मॉनिटरने सांगितलं, "चला, पिपात पाला टाकायचाय." ती सगळी गेली आणि टोपलीतला मुळ्याचा पाला पिपात टाकायच्या आधी दोघातिघांनी त्यातल्या बऱ्या काड्या निवडून खाल्ल्या. मी खिडकीतून बघितलं.

त्याच दुपारी संचालकांच्या नावे निवेदन लिहिलं. आठ जुलैपासून बावन्न दिवसांचे माझे आकडे खोटे आहेत. माल भाजीवाल्याचा आहे. शाळेत अन्न उरत नाही, आणि उरलेलं नव्हतं. सही माझी. स्वयंपाकिणीचा किंवा शिक्षकांचा यात संबंध नाही. पोच घेतली.

मग फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं : 'या शाळेत अन्न उरत नाही. आधीचे सगळे आकडे भाजीवाल्याचे होते.' मावशींनी ते माझ्याकडून एकदा आणि शिपाईमामांकडून एकदा वाचून घेतलं, मग फळ्याची धूळ पदराने पुसली.

निवेदनात तुमचं नाव नाही. फाडलेल्या पानाचाही उल्लेख नाही. ते तुमचं तुम्ही बघा.

वहिनी


२८ ऑक्टोबर

वहिनी,

तुमचं निवेदन संचालकांकडे गेलं आणि दोन तासांत माझ्या टेबलावर आलं. वर शेरा : 'सखोल चौकशी करून अहवाल द्यावा.' योजना माझी, वहिनी माझी आणि चौकशी अधिकारीही मीच.

मी बसलो आणि पहिली ओळ लिहिली. 'सदर मुख्याध्यापिकेने वरिष्ठांना अंधारात ठेवून.' हे तुमच्यापासून लपवत नाही. वाक्य तयारच होतं, हाताला सवय आहे. ते तसंच टेबलावर ठेवून मी न सांगता चार शाळांत गेलो, जेवणाच्या वेळी.

पहिल्या शाळेत पिपात भुसा होता आणि तळाला विटा. दुसरीने हॉटेलशी ठरवून ठेवलं होतं. तिसऱ्या शाळेतले मुख्याध्यापक मला बघून घाबरले आणि म्हणाले की ते घरून आणतात, बायकोला मुद्दाम जास्त भाजी चिरायला सांगतात. चौथ्या शाळेत मी मुलांच्या रांगेत ताट घेऊन बसलो. त्या डावाने मला वाढलं. सात घास झाले. भाताचा एक करपलेला गोळा मी सवयीने ताटाच्या कडेला सारला. शेजारची मुलगी आपलं ताट सोडून माझ्या ताटाकडे बघत होती. तिने विचारलं, "काका, ते तुम्ही खाणार नाही का?" मी नाही म्हटलं. तिने तो उचलला आणि आधी पलीकडच्या मैत्रिणीला अर्धा दिला.

परत येऊन ती ओळ खोडली. अहवालात लिहिलं की मी पाहिलेल्या चारही शाळांचे आकडे बनावट आहेत, ते बनावट व्हावेत अशीच माझ्या तक्त्याची रचना होती, आणि तुमच्या शाळेचं सत्य मला जुलैपासून माहीत होतं. पान फाडल्याचंही लिहिलं. मुख्याध्यापिका माझ्या वहिनी आहेत, हेही.

उपसंचालकांच्या जागेसाठी दुसऱ्याचं नाव गेलं. माझी बदली जुन्या नोंदींच्या विभागात झाली आहे. इथे खिडकी आहे, कँटीन लांब आहे.

हुकुमाचं सांगतो. तो चुकला असं म्हणायला कुणी तयार नव्हतं. तेव्हा जायच्या आधी मी शेवटचा मसुदा करून दिला. 'कंपोस्ट योजनेच्या अभूतपूर्व यशामुळे शाळांमधील अन्नाची नासाडी पूर्णपणे थांबली आहे. सबब, पूर्वीचा पुरवठा पुन्हा सुरू करण्यात येत आहे.' एका दिवसात सही झाली. संचालकांना ते इतकं आवडलं की त्यांनी ते भाषणातही घेतलं. तुम्ही हा निबंध तपासलात तर नापास कराल, पण याहून खरं वाक्य त्या मजल्यावरून खाली उतरलं नसतं. रकान्याचं नावही बदलून घेतलं आहे. आता तिथे 'पिपात टाकलेला ओला कचरा' एवढंच आहे, आणि शून्य चालतं.

तुम्हाला लेखी ताकीद येईल. ती मला अडवता आली नाही. मला क्षमा करा.

भावोजी


९ नोव्हेंबर

भावोजी,

ताकीद आली. तिच्यात व्याकरणाच्या तीन चुका आहेत, म्हणजे ती तुम्ही लिहिलेली नाही. पुरवठाही आला, ताकिदीच्या आदल्या दिवशी. दोन्हींची पोच एकाच कागदावर दिली. लहान डाव मावशींनी मीठ काढायला घेतलाय.

तुमच्या दादांना सगळं वाचून दाखवलं. "या रविवारी ये म्हणावं त्याला," एवढंच म्हणाले आणि बाजारात जायची पिशवी शोधायला लागले. तर या.

परवाची एक गोष्ट सांगते, कार्यालयाला कळवण्यासारखी नाही. तापाची साथ आहे. साठेक मुलं आली नव्हती आणि स्वयंपाक सगळ्यांचा झालेला. जेवणं आटोपल्यावर मावशी माझ्या दारात आल्या, हातून काही फुटल्यासारखं तोंड करून. "बाई, उरलंय."

आम्ही दोघी पातेल्यापाशी उभ्या राहिलो. चांगलं चार-पाच किलो होतं, खरंखुरं. शिपाईमामा न सांगता वजनकाटा घेऊन आले. चौथीतली एक मुलगी पाणी प्यायला आली होती. तिने पातेल्यात डोकावून विचारलं, "हे कुणाचं?"

"कुणाचंच नाही," मावशी म्हणाल्या. "उरलंय."

"म्हणजे?"

ती थट्टा करत नव्हती. मामांना काटा परत न्यायला सांगितला आणि तिला विचारलं, "डबा आहे का तुझ्याकडे?"

पाच मिनिटांत सतरा डबे रांगेत लागले. शेवटच्या मुलाकडे डबा नव्हता. त्याने कंपासपेटी रिकामी करून आणली होती, आणि घरी तापाने पडलेल्या बहिणीचं नाव सांगत ती उघडून पुढे धरली होती.

वहिनी